दाईमाचे गुलाब

“गुलाब ठेवा.”

नाळ कापून झाली, बाळाला पुसून आईच्या कुशीत दिलं, की दाईमा पाय पसरून भिंतीला टेकायची आणि कुणी विचारायच्या आधीच हे सांगायची. मुलगा असो की मुलगी, घर तेल्याचं असो की पिंजाऱ्याचं, तिच्याजवळ नाव एकच. कुणी म्हणालं, “अगं, ते मुलीचं वाटतं,” तर ती म्हणे, “पोराला चालतं, पोरीला चालतं. हिंदूला चालतं, मुसलमानालाबी चालतं. फुलाला कोण इचारतं, तू कुणाचं म्हणून?”

परतूरला ज्या गल्लीत मी लग्न होऊन आले, तिथंच कोपऱ्यावरच्या एका खोलीत ती एकटी राहायची. नवरा स्टेशनावर हमाल होता. तो मी येण्याच्या कितीतरी आधी वारला होता. तिचं खरं नाव मी कधी ऐकलं नाही. बुटकी, सावळी, मागच्या दोन दाढा पडलेल्या, आणि हात मात्र लहान मुलीसारखे मऊ. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिला निरोप न धाडताही ती वेळेवर दारात उभी असते.

आमच्या गल्लीला लोक गुलाबगल्लीच म्हणत. दिवेलागणीला कुणी आईनं “गुलाबऽऽ” अशी हाक मारली, की तीन दारांतून तीन पोरं “ओ” द्यायची आणि दाईमाच्या दारातून तिची शेळीही ओरडत बाहेर यायची. शेळीचं नावही गुलाबच होतं. ह्यावरून बायका तिला चिडवायच्या. “लेकरांना अन् शेळीला एकच नाव व्हय ग?” तर म्हणे, “शेळी दूध तरी देती. तुमची पोरं काय देऊन राह्यली मला?”

पण रागवायचा हक्क ती सगळ्या गुलाबांवर गाजवायची. तेल्याच्या गुलाबला मिसरूड फुटलं, तसा तो बाजारात तिला बघून न बघितल्यासारखं करायला लागला. एकदा भर बाजारात तिनं त्याला हाक मारली, “काय रे, मोठा झालास व्हय? उलटा धरून फटका दिला तवा रडला होतास तू! ध्यानात हाय का न्हाई?” सगळा बाजार हसला. त्या दिवसापासून तो तिला लांबूनच सलाम करायचा.

माझ्या मुलाच्या वेळी सासूबाई अडून बसल्या. आमच्यात आजोबांचं नाव ठेवतात, गुलाब-बिलाब चालणार नाही. दाईमा हसली. “मंग बारशाला आजोबांचं ठेवा. हाक मारायला गुलाब ठेवा.” आणि तेच झालं. आजोबांचं नाव पाळण्यातच राहिलं.

बाळंतपणात ती मला रोज तेल लावायला यायची. एके दिवशी मी सहज विचारलं, “दाईमा, हेच नाव का हो?”

तिचे हात थांबले नाहीत. बाळाच्या पाठीवरून तळवा फिरवत ती म्हणाली, “मलाबी झाल्तं एक. गोरंपान. नाव मी आधीच ठरवल्तं, पोटात होतं तवाच. पण नाव ठेवायच्या आधी गेलं. लेकरू गेलं, नाव तेवढं राह्यलं. एकटीनं घरात ठेवून काय करू त्याला? मंग वाटून टाकलं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं तशी ती चिडली. “रडू नको, बिलकुल रडू नको. दूध आटंल तुझं.”

मुलं मोठी झाली. माझा गुलाब शेतात बापाच्या बरोबरीनं राबायला लागला. आणि मग ते वाईट वर्ष आलं. निजामाचं राज्य जाणार, राहणार, रोज नवी बातमी. बाजार दुपारीच बंद व्हायचा. शेजारी एकमेकांशी बोलताना आवाज बारीक करायचे. अमक्या गावात अमक्यांनी आग लावली, तमक्या गावात तमक्यांनी. पिंजाऱ्याची बायको आणि मी एकाच विहिरीवर पाणी भरायचो, पण बोलणं कमी कमी होत गेलं होतं.

असल्याच एका दुपारी दाईमा धापा टाकत दारात आली.

“तुझा गुलाब कुठं हाय?”

“शेतात गेलाय. का?”

ती उंबऱ्यावरच बसली आणि सांगू लागली. रेल्वेच्या फाटकापाशी एक पोरगा मरून पडला होता. कुणीतरी भोसकला होता. फाटकवाल्यानं त्याला पाणी पाजलं, नाव विचारलं. पोरगा “गुलाब” एवढंच म्हणाला आणि गेला.

माझे यजमान अंबडला गेले होते. घरात सासूबाई नुसत्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. दाईमानं माझा दंड धरला. “चल. जल्दी चल.”

वाटेत तेल्याचं घर. त्यांचा गुलाब घाण्यापाशी उभा होता. त्याच्या आईनं आम्हाला बघितलं, आमचे चेहरे बघितले आणि लेकाला आपल्या पाठीमागे ओढलं. पुढे पिंजाऱ्याचं घर. त्यांचा गुलाब सकाळी गाद्या पोचवायला गेला होता, अजून आला नव्हता. त्याच्या आईनं चुलीवरची तवा-भाकरी तशीच टाकली आणि ती आमच्या बरोबर निघाली.

दाईमा मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. मी देवापाशी काय मागत होते ते पिंजाऱ्याच्या बायकोला कळत होतं, कारण तीही तेच मागत होती.

फाटकापाशी माणसं जमली होती, रुळांच्या अलीकडे एक घोळका, पलीकडे एक. काठ्या होत्या. दोन्हीकडून एकच चाललं होतं, आपला आहे, आपला पोरगा मारला. मध्ये तो पडला होता. अंगात मळका लेंगा, सदऱ्याला खांद्यावर निळ्या कापडाचं ठिगळ. दाईमानं वाकून त्याचं तोंड आमच्याकडे वळवलं.

माझा नव्हता. तिचाही नव्हता. पिंजाऱ्याच्या बायकोनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली. कुणाचा तरी होता तो, पण आमचा नव्हता.

तेवढ्यात घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, “वाद कशाला? लेंगा सोडून बघा. कोण हाय ते कळंलच.”

दोन-तीन जण पुढे झाले. दाईमानं डोक्यावरची ओढणी काढली, त्या पोराच्या अंगावर पसरली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. इतक्या वर्षांत तिचं उघडं डोकं मी पहिल्यांदा बघितलं. केस सगळे पांढरे होते.

“खबरदार,” ती म्हणाली. “माझा हाय. ह्यो माझा गुलाब हाय.”

“दाईमा, तुला कुठं लेकरू हाय?” पुढे आलेला एक जण म्हणाला.

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. “तू माझ्याच हातात आल्तास. उघडानागडा. तवा तुझ्यावर मीच फडकं घातलं. आता ह्याच्यावर घातलं. काढ तू. हात लाव माझ्या ओढणीला.”

तो मागे सरला. मग त्याच्या मागचा सरला. ज्याला मारलं त्याची आई होऊन कुणी समोर बसून “माझा” म्हणते, तिथं दुसऱ्यानं काय भांडायचं? ऊन कलेपर्यंत ती तशीच बसून राहिली. काठ्या एकेक करून घरी गेल्या. तेल्याच्या गुलाबनं बैलगाडी आणली. ती स्वतःला आई म्हणाली होती, म्हणून आईच्याच जमातीप्रमाणे त्याला कबरस्तानात माती दिली.

माझा मुलगा संध्याकाळी आला. पिंजाऱ्याचाही आला. दाईमाच्या दाराला आतून कडी होती. मी हाका मारल्या. आतून ती एवढंच म्हणाली, “जा पोरी. आज माझ्या घरी सुतक हाय.”

पुढे राज्य बदललं. थंडी पडली. एक दिवस जांबेकडच्या एका वस्तीवरची बाई गल्लीत आली. उंच, कपाळ मोकळं, पाय धुळीनं भरलेले. तिचा पोरगा परतूरला काम बघायला म्हणून निघाला होता, तो परत आलाच नव्हता. ती दारोदार विचारत होती, “गुलाब नावाचं पोरगं बघितलं का?” दर घरातून कुणीतरी म्हणायचं, “हाय की,” आणि आपल्या गुलाबला बाहेर बोलवायचं. ती प्रत्येकाकडे आशेनं बघायची आणि मान हलवायची. माझ्या दारातही तेच झालं. मी तिला दाईमाकडे घेऊन गेले.

“सदरा कसला होता?” दाईमानं विचारलं.

“खांद्यावर निळं ठिगळ. म्याच लावल्तं.”

दाईमानं तिला हाताला धरून खाली बसवलं. मग सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी हात जोडून म्हणाली, “मातीत ठेवलं म्या त्याला, बाई. जाळलं न्हाई. मला म्हाईत नव्हतं तुम्ही कोण ते. माफ करा.”

ती बाई आकांत करील, शिव्या देईल असं मला वाटलं. तिनं हळूच विचारलं, “उघड्यावर न्हाई ना राह्यला?”

“न्हाई. मी बसल्ते जवळ.”

“कुणी रडलं का त्याच्यासाठी?”

“मी रडले.”

मग ती बाई दाईमाच्या गळ्यात पडली. दोघी अशा रडल्या की गल्लीतली दारं उघडली आणि हळूच पुन्हा लागली. दुपारी दोघी कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत गेल्या. त्या बाईनं पदरात पोरासाठी भाकरी बांधून आणली होती. इतके दिवस जिथं जाई तिथं ती रोज ताजी भाकरी बांधून न्यायची. आता ती कुठं ठेवावी हे तिला कळेना. दाईमानं ती अर्धी मोडली, एक तुकडा तिच्या हातात दिला, एक आपण घेतला. भिंतीला टेकून दोघींनी ती कोरडीच खाल्ली.

त्यानंतर ती बाई अमावास्येच्या अमावास्येला यायची, दाईमाकडे राहायची.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन दाईमा गेली. निरोप पोचला तशी ती बाई उन्हातान्हात चालत आली. खोलीत गल्लीतल्या सगळ्या बायका होत्या. गुसलची, म्हणजे मयताला आंघोळ घालायची, तयारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या मुसलमान बाईनं तिला ओळखलं नाही. दारातच अडवून विचारलं, “तुम्ही कोण यांच्या?”

“माझ्या लेकराची आई होती ती,” ती म्हणाली, आणि कळशी उचलून पाणी आणायला विहिरीकडे गेली.