स्टोअरकीपर आणि पिवळी प्रश्नचिन्हं

दयानंद मूळचा बीडकडचा. उरवड्याच्या एका कारखान्यात अठरा वर्षं तो स्टोअर सांभाळत होता. रबरी वायसर असो की बेअरिंग, नुसत्या वर्णनावर त्यानं कधी माल दिला नाही. कुणी ‘कालच्यासारखं द्या’ म्हणालं, तर तो शांतपणे म्हणायचा, “कालचं नको, नंबर सांगा.” त्यामुळे लोक त्याला हेकट म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे.

२००८ साली स्टोअरमध्ये एक लॅपटॉप आणि बारकोडची लेबलं छापायचा प्रिंटर आला. दयानंदनं कळफलकाला पहिल्यांदा हात लावला तेव्हा त्याचं वय होतं सत्तेचाळीस. लेबलाचा पडदा उघडायचा, आकडा टाकायचा, छापायचं, एवढंच त्याला येत होतं, आणि त्याहून जास्त शिकायची इच्छाही नव्हती.

एकदा लॅपटॉपला व्हायरस लागला. पुण्याहून माणूस आला, त्यानं सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकली आणि चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर जोडला, तर तो लॅपटॉपला दिसेचना. माऊसही मेला. पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला, “परवा येतो.”

बाहेर वाल्मीकचा टेम्पो भरून उभा. लेबलाशिवाय खोकी पुढचा कारखाना घेत नसे.

“भाऊ, किती येळ?” वाल्मीक दारातून ओरडला. “बारापर्यंत न्हाई पोचलो तर माल परत आणावा लागंल.”

दयानंदनं केबल बदलली. प्रिंटरची सीडी तीनदा चालवली. काही नाही. मग डिस्पॅचची जया आली. ती गावातलीच, कॉम्प्युटरचा कोर्स झालेली. तिनं कुठंतरी जाऊन एक यादी उघडली.

“काका, हितं बघा. पिवळी प्रश्नचिन्हं लई हायेत. ह्यो कोण हाय त्येच त्याला कळंना.”

“कोण म्हणजे?”

“आतले भाग. विंडोज नवी टाकली, पण भागांची वळख करून दिली न्हाई. त्येला ड्रायव्हर म्हंत्यात. पण कुठला भाग कुठला, ते नाव न्हाई दावत.”

दयानंद खुर्ची ओढून बसला. “नाव नसू दे. नंबर आहे का?”

जयानं एका प्रश्नचिन्हावर टिचकी मारली, तपशील उघडले. अक्षरं आणि आकडे यांची लांब ओळ आली. दयानंदनं ती वहीत उतरवली, एक एक अक्षर तपासून. जयानं ऑफिसातल्या इंटरनेटवर तो नंबर शोधला. तो निघाला लॅपटॉपच्या मुख्य बोर्डाच्या चिपसेटचा, म्हणजे यूएसबीची सगळी भोकं ज्याच्या जिवावर चालतात त्याचा.

लॅपटॉपच्या खोक्यातली सीडी दयानंदनं रॅकवर नंबर घालून ठेवली होतीच. तिच्यात चिपसेटचा ड्रायव्हर सापडला. तो टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला. एक सोडून सगळी प्रश्नचिन्हं गेली. माऊसखाली लाल दिवा लागला.

प्रिंटर मात्र तरीही गप्प.

वाल्मीकनं हॉर्न दिला. जया वैतागली. दयानंदनं यादी पुन्हा वरून खाली वाचली. एक ओळ उरली होती, ‘अनोळखी उपकरण’.

“सकाळी ओळख नसताना प्रिंटर जोडला, तेव्हाची ही चुकीची नोंद दिसते,” तो म्हणाला. “खोडून टाक.”

जयानं ती ओळ काढली, प्रिंटरची केबल उपटली, आधी त्याची सीडी चालवली आणि मग केबल लावली. पंचवीस सेकंदांनी पहिलं लेबल सुर्रकन बाहेर आलं.

खोक्यांना लेबलं लावून वाल्मीक साडेअकराला निघाला आणि बाराला दहा मिनिटं कमी असताना पोचला.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी दयानंदला बोलावलं. कारखान्यातले सगळे संगणक त्यानं बघावेत, असं त्यांना वाटत होतं. दयानंदनं नकारार्थी मान हलवली. “मला फक्त नंबर वाचता येतो, साहेब. कुठं वाचायचा ते जयाला माहीत.”

साहेबांना हे पटायला दोन महिने लागले. २००९च्या दिवाळीनंतर जया डिस्पॅचमधून संगणकाच्या कामावर गेली. दयानंदनं स्टोअरच सांभाळलं.