बावीस ठोके

माझ्या दुसऱ्या अल्बमबद्दल कोणी चांगलं बोललं की मी विषय बदलतो. लोकांना तो विनय वाटतो. विनय वगैरे काही नाही, लाज वाटते.

मी ड्रम वाजवतो आणि जॅझ रचतो. पहिला अल्बम पुण्यात केला. तो ऐकून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच प्रश्न विचारला होता, "लगीनमा चाली का हाई?" आबांनी सगळं आयुष्य धुळ्यातल्या एका बँडमध्ये ताशा वाजवला. शिरपूर असो, साक्री असो, नरडाणा असो, वरात म्हटली की निघाले. माझा हात त्यांच्याकडूनच आलेला. पुढे त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला आणि मला घाई झाली. काहीही करून आबांचा ताशा दुसऱ्या अल्बमवर हवा होता.

धुळ्याच्या घरी, माडीवरच रेकॉर्डिंग केलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आणि खिडक्यांना गोधड्या लावल्या. जीव कोंडतो म्हणून आबांनी आपल्या समोरची एक खिडकी उघडी ठेवायला लावली. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलेलो, कानाला हेडफोन, डोळे स्क्रीनवर. आबा असे वाजवत होते की कंप कुठे पळाला कळेना. मला रडू येत होतं. आणि मध्येच ताशा थांबला.

वळून पाहिलं तर काड्या हवेत, ओठ हलताहेत. थोड्या वेळाने काड्या खाली आल्या आणि ते शेवटपर्यंत वाजवत गेले.

"आबा, मध्येच थांबलात का?"

"काही नई. तू तुनं काम कर."

पुन्हा वाजवायला ते तयार झाले नाहीत. मी समजलो, हात गेला. त्यांची फजिती जगाला कशाला दाखवायची, म्हणून पुण्याला आल्यावर ती शांतता कापून टाकली आणि दोन्ही टोकं बेमालूम जोडली. कापताना मोजली होती. बरोबर बावीस ठोके, आणि पुढच्या ठोक्यावर ताशा नेमका लयीत. हात गेलेला माणूस इतका नेमका परत येत नाही, हे मला, स्वतःला ड्रमर म्हणवणाऱ्याला, कळायला हवं होतं.

अल्बम आला तेव्हा धुळ्याला जाऊन मीच आबांच्या कानात इअरफोन घातले. ते डोळे मिटून ऐकत होते, बोटं गुडघ्यावर चालत होती. त्या जागी बोटं थांबली. फोनमधला ताशा पुढे निघून गेला.

"मी आठे थांबेल व्हतू," आबा म्हणाले. "समोर मयत व्हती. तू माले वाजाडत लई गया."

त्या दुपारी समोरच्या काकूंना जळगावच्या दवाखान्यातून आणलं होतं. आबांना खिडकीतून त्यांचं मयत उतरवताना दिसलं. मयताच्या घरासमोर बँड बंद करायचा, मुकाट्याने चालायचं, मनात ठोके मोजत राहायचं आणि घर ओलांडलं की सगळ्यांनी एकदम उचलायचं, ही रीत मी चालायला लागल्यापासून पाहत आलोय. काकूंनी मला लहानपणी कितीदा जेवू घातलं होतं. संध्याकाळी मी त्यांना खांदाही दिला, तरी डोक्यात उजेड पडला नव्हता. ती शांतता कापून मी आबांना त्यांच्या दारावरून वाजवत नेलं होतं.

"बदलतो, आबा," मी म्हटलं. ती शांतता परत जोडायची, एका सकाळचं काम होतं. पण तोवर लोक नेमक्या त्याच जागेचं कौतुक करायला लागले होते, लय जराही श्वास घेत नाही म्हणून. असं कौतुक माझ्या वाट्याला पूर्वी आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करत राहिलो. आबांनीही कधी विचारलं नाही.

हिवाळ्यात आबा गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीत वरात शिरली. आता बँड कुठला, डीजेची गाडी. घरातली भांडी थरथरायला लागली, आई कानावर हात ठेवून बसली. मी धावत खाली गेलो, गाडीला आडवा गेलो आणि हात वर केला.

डीजेवाल्याने आवाज कमी करून विचारलं, "काय झालं, भाऊ?"

पोरगा भला दिसत होता. आमच्या घरी मयत झालंय, एवढं म्हटलं असतं तर नक्की थांबला असता. पण कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

मी बाजूला झालो. त्याने आवाज वाढवला आणि गाडी आमच्या दारावरून वाजत गेली.