चांदीच्या शिंगांची गाय

खरं सांगायचं तर वामनरावांना शामलाबाई फारशा ठाऊक नव्हत्याच. बाईंचं आडनाव त्यांना पहिल्यांदा कळलं ते घाटावर, गुरुजींनी विचारलं तेव्हा. माहेर काटोलकडचं की सावनेरकडचं, नवरा कधी गेला, यातलं काही माहीत नव्हतं. बाईंच्या हातची भाजी माहीत होती आणि त्यांच्या मोबाइलमधलं गाव माहीत होतं. एवढ्यावर एखाद्या माणसाबद्दल काही सांगू नये खरं तर.

शामलाबाईंची खानावळ शहराच्या वेशीवरच्या वाडी भागात, गोदामांच्या मागच्या गल्लीत. गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले आणि हमाल. दुपारची गर्दी ओसरली की बाई मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवत आणि खेळायला बसत. सुशील नावाच्या एका ड्रायव्हरने तो खेळ त्यांना शिकवला होता. त्यात ज्याचं त्याचं एक गाव असे. शेत पेरायचं, गुरं पाळायची आणि हाटात जाऊन दुसऱ्या खेळाडूंशी वस्तूंची अदलाबदल करायची. हाटात कुठकुठचे लोक येत. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नसे. तिथे बाईंचं नाव होतं ‘वाडीची मावशी’.

वामनराव मुद्दाम उशिरा जेवायला येत. गर्दीत त्यांना ‘अजून वाढा’ म्हणायचंही जमत नसे. असा बुजरा माणूस जन्मभर बैलबाजारात दलाली कशी करू शकला, याचं लोकांना नवल वाटे. पण तो सौदा रुमालाखाली बोटं दाबून होई, तोंड उघडावं लागत नसे. मुलाने शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसाला नवा फ्लॅट घेतला होता, तो सारखा बोलवायचा. वामनराव वाडीतली खोली सोडत नव्हते, आणि त्याचं कारण होतं दुपारचा हा निवांत वेळ. बाई खेळत, हाटातल्या लोकांना तोंडभर शिव्या देत, आणि वामनराव सावकाश जेवत ऐकत बसत.

बाईंचा जीव अडकला होता एका चांदीच्या शिंगांच्या गायीत. खेळात ती एका दिवाळीपुरतीच मिळत होती. आता हवी तर हाटात कोणाकडून तरी बदलून घ्यायची. त्यासाठी बाईंनी खपून आंब्याची बाग वाढवली होती. शेवटी राजाभाऊ नावाचा एक गडी गाय द्यायला तयार झाला. अशा अदलाबदलीत दोघांनी आपापला माल समोरासमोरच्या टोपल्यांत ठेवायचा आणि मग हिरवं बटन दाबायचं. राजाभाऊने शेवटच्या क्षणी गाय काढून तिच्यासारखीच दिसणारी साधी पांढरी गाय ठेवली. बाईंनी बटन दाबलं. बाग गेली.

त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

“मावशी, तोंड पाडून काय बसल्या?” सुशील म्हणाला. “कंपनीचा नियमच हाये, हाटात ज्यानं त्यानं आपलं पाहावं. तो हुशार निघाला, तुमी भोळ्या. तुमी बी करा ना तसंच!”

“मले जमंल का गा?”

“बोट चपळ पाह्यजे फक्त.”

“तव्यावरची पोळी हातानं पलटवते मी. बोटाचं मले नोको सांगू.”

आणि बाईंनी केलं. चिमणी नावाच्या एका खेळाडूकडे तसलीच गाय होती, तिला बैलजोडी हवी होती. बाईंनी टोपलीत तरणी जोडी दाखवली, चिमणीने हो म्हटलं, आणि ऐनवेळी बाईंनी म्हातारी ठेवली. चांदीच्या शिंगांची गाय बाईंच्या गोठ्यात आली. त्या दिवशी सगळ्यांना ठेचा न मागता मिळाला.

पण चिमणीने हाटात दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘मावशी, तुमचं नाव पाहून मी टोपली पुन्हा पाहिली नाही.’ शिवी एकही नव्हती. बाईंनी ते वाचून दाखवलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

“वामनराव, तुमी तर जिंदगीभर बाजारात होते. असं चालते का?”

“काकाले काय इचारता?” हात धुता धुता सुशील म्हणाला. “त्यांनी तर रुमालाखाली किती जणाईले लुटलं असन!”

‘खेळच तर आहे’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. वामनरावांच्या ओठांवर तेच आलं होतं. ताट तर बाई रागावल्या तरी वाढतील. पण बोलणं बंद झालं तर मग वाडीत उरलं काय? घास तोंडात फिरत राहिला.

“भावात चालते,” ते ताटाकडे पाहत म्हणाले. “शिंगं घासून चमकवते लोक, वय चोरते. घेणाऱ्यानं दात पाहून घ्यावे. पण सौदा झाला का इकणारा आपलं दावं सोडून घेते. दावं आपल्या घरचं, ते देत नाही. घेणारा आपलं नवं दावं आणते अन् सोताच्या हातानं जनावराले बांधते. त्याच्यानंतर जनावर बदललं तर...”

“तर काय?”

“त्याले आमी दलाल लोक बी चोरीच म्हणो, शामलाबाई.”

“म्हणजे त्या चिमणीनं दावं बांधलं होतं?”

“तरणी जोडी पाहून हो म्हटलं ना तिनं. थेच दावं.”

बाईंनी तवा उतरवला. रोज न विचारता पोळी वाढत, त्या दिवशी विचारलंसुद्धा नाही. वामनराव पाणी पिऊन उठले. काहून बोललो, काहून बोललो, असं स्वतःला म्हणत खोलीवर गेले. पुढे काही दिवस ते तर्री-पोह्यावर राहिले, खानावळीच्या गल्लीत वळलेच नाहीत.

मग सुशील दारात उभा. “काका, चला. मावशी म्हणते, तुमची वाट पाहून पाहून भाजी आंबून राहिली.”

बाईंनी ताट वाढलं. मोबाइल बरणीला टेकलेला होता.

“देल्ली वापस,” बाई तव्याकडे पाहत म्हणाल्या. “त्याची गाय त्याले, अन् वरून ते तरणे बैल बी.”

“त्याले?”

“चिमणी कायची! अमरावतीकडचा कंडक्टर हाये तो, मिशावाला. फोटो धाडला मले!”

वामनराव इतके हसले की ठसका लागला. बाईंनी पाणी दिलं आणि न विचारता एक पोळी टाकली.

त्या खेळात जनावराला नाव ठेवता येई. तेव्हापासून बाई हाटात कोणाशीही सौदा करताना आधी म्हणत, तुम्ही ठेवाल ते नाव मी जनावराला देते, तेच नाव टोपलीत दिसलं तरच बटन दाबा. याला त्या दावं बांधणं म्हणत. काही लोक हसत, काही तसंच करू लागले. राजाभाऊ मात्र पुन्हा दिसला नाही, आणि बागही आली नाही. त्याची ती पांढरी गाय बाईंनी कधीच देऊन टाकली होती; गोठ्यात उरली होती चार भोपळे देऊन घेतलेली, आखूड शेपटीची एक बांडी गाय. “पण दिसाले लय सुंदर होती थे,” बाई मधूनच म्हणत. कोणती, ते वामनरावांना विचारावं लागत नसे.

एका सकाळी खानावळ उघडलीच नाही. बाई झोपेतच गेल्या होत्या.

आदल्या दुपारी वामनराव जेवून हात पुसत होते आणि मोबाइलमधून हंबरण्याचा आवाज आला.

“वामनराव, माह्या गायीले पाणी दाखवा ना जरासक. माहे हात कणकेचे हाये.”

त्यांनी चष्मा चढवला आणि बोट लावलं. “पेली.”

“बरं. उद्या जरा लवकर या. पाटवड्या करून राहिली.”

“येतो.”