थंडीतले डोंगर आणि दामूदादा

वर्षभर शाळेत शिकवून माझ्याकडे सांगण्यासारखे दोन किस्से जमत नाहीत. पण थंडीत चार रविवार डोंगरात गेलो, की पँटला कुसळं चिकटावीत तसे किस्से चिकटून येतात. घरी येऊन कितीही झटका, दोन-चार राहतातच!

आमचं त्रिकूट ठरलेलं. मी मुरबाडला सायन्स शिकवतो. वैशाली सिस्टर शहापूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आणि टोकावड्याजवळच्या गावातले दामूदादा. भाताची झोडणी उरकली की दादा मोकळे. तिघांबरोबर बऱ्याचदा कुणीतरी नवा पाहुणा असतो, आणि किस्सा बहुतेक त्याच्याच सॅकमधून निघतो.

* * *

गोरखगडावर माझा एक कॉलेजचा मित्र आला होता. पायात भारी ट्रेकिंग शूज. "घेतलेत कधीचे, पण वापरलेच नाहीत. एकदम नवे!" म्हणाला.

बूट पाच वर्षं माळ्यावर पडून होते. चढताना काही झालं नाही. उतरताना, कातळात खोदलेल्या पायऱ्यांच्या बरोबर मधोमध, उजव्या बुटाचा तळ सुटला आणि दरीत गेला. आम्ही वाकून बघेपर्यंत डावाही निम्मा लोंबायला लागला! आत गुळगुळीत कापड. त्यावर पाय ठेवला की घसरणार.

दामूदादा त्याच्या खाली उतरले. "बूट काडा. मोजे पन." मग त्याचा एकेक पाय हातात धरून त्यांनी एकेका खोबणीत ठेवला. साठेक पायऱ्या, पाऊण तास. मी वरून त्याच्या कमरेचा दोर धरून होतो.

खाली टेकल्यावर मित्राने दादांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "दादा, तुम्ही बूट कुठले वापरता?"

"जे जन्माला येताना घालून आलू, तेच. सोल अजून गेला नाय!"

* * *

माहुलीचा किस्सा माझाच, त्यामुळे पटकन उरकतो.

थंडीत दिवस लहान, हे मी मुलांना शिकवतो. तरी गडावर रेंगाळलो आणि शिडीच्या वर असतानाच अंधारलं. सिस्टरचा टॉर्च सॅकमध्येच चालू राहून त्याची बॅटरी संपलेली. माझा हेडटॉर्च मी सकाळी नवे सेल घालून आणलेला, पण पेटेचना! मोबाइल दोघांचेही फोटो काढून काढून मेलेले. दादांकडे मोबाइल नव्हताच.

दादा पुढे उतरले. सिस्टरने आपला पांढरा नॅपकिन त्यांच्या पाठीला पिनेने लावला. तेवढा पांढरा ठिपका बघत आम्ही उतरलो. दादा बोलत होते, "दगड... पायरी... आता रिकामा हाय, थांबा." 'रिकामा' म्हणजे खाली दरी. असंच शिडी उतरून रानातून गावात पोचलो.

गावात एका घराच्या दिव्याखाली सिस्टरने माझा टॉर्च उघडला. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"सर, सेल उलटे घातलेत."

नंतर दोन वर्षं मला 'विद्युत परिपथ' हा धडा शिकवताना आवाज चढवता आला नाही!

* * *

सिद्धगडावर एका कंपनीतले मॅनेजर आले होते. सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांनी अंगावर भसाभस डिओ मारला. वर कातळाला आग्या मोहोळ. दादा ओरडले, "ओ सायेब, नको!" पण तोवर त्या वासाने घोंघावणं सुरू झालं होतं.

सिस्टरने घडी घातलेल्या तंबूचं कापड खसकन ओढलं आणि चौघांवर टाकलं. "झोपा! कडा अंगाखाली दाबा! हलू नका!"

आम्ही पालथे पडलो. कापडावर गारांसारखा टपटप आवाज. एक माशी आत शिरली आणि माझ्या कानामागे डसली. ओठ चावून मी गप्प. दादांचा श्वास मला ऐकू येत होता. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक.

आणि अशात साहेबांचा फोन वाजला! बंद करायला गेले, तो चुकून उचलला गेला. पलीकडून बायको, "अहो, कुठे आहात?"

साहेब मातीत तोंड घालून कुजबुजले, "मीटिंगमध्ये आहे. जरा ताणाताणी चाललीय."

* * *

जीवधनवरचा प्रसंग आठवला की अजून अंगावर काटा येतो. पाहुणा जिममध्ये जाणारा, दंड हे एवढे. "थंडी? मला नाही वाजत!" जाड काही आणलंच नव्हतं. पहाटे बाटली भरायला गेला आणि पाण्याच्या टाक्यातच पडला.

बाहेर ओढला तेव्हा हसत होता. वारा असा, की कान तुटून पडतील. थोड्या वेळाने तो थरथरायला लागला, आणि मग थरथर थांबली. मला वाटलं, सावरला. सिस्टरचा चेहरा मात्र बदलला.

"तुझं नाव काय?" तिने विचारलं.

"गाडी पार्क केलीय," तो म्हणाला.

"ओले कपडे काढा याचे! सगळे! आत्ता!" दादांनी आपली घोंगडी सोडली, मी स्लीपिंग बॅग. दोघांनी त्याला मध्ये घेऊन आवळलं. सिस्टर गूळ घातलेला चहा घेऊन समोर बसली. दर मिनिटाला विचारायची, "नाव?" दर मिनिटाला काहीतरी भलतंच उत्तर. चहा पाजायचा की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होतं; भान नसताना पाजला तर श्वासनलिकेत जायचा. ऊन कातळावर आलं तेव्हा कुठे तो पुटपुटला, "सचिन."

मग आजूबाजूला बघून, घाबरून, "माझी पँट कुठंय?"

सिस्टर हसली आणि मग पलीकडे तोंड करून रडली. "आता पाजा चहा," म्हणाली.

* * *

आणि मोरोशीचा भैरवगड. तिथे पाहुणा नव्हता. आम्ही तिघेच.

आडवी वाट, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. सिस्टर दोर बांधायला पुढे गेलेली. मी मधे. पायाखालचा दगड निखळला. मी कातळाला छाती लावून कसाबसा राहिलो, पण वरून आलेला एक धोंडा हेल्मेटवर आदळला आणि हेल्मेट चिरलं. त्यानंतर मला पाय उचलताच येईना. पुढे नाही, मागे नाही.

"सर, हलू नका! दोर आणते!" सिस्टर ओरडली. पण ती वळणाच्या पलीकडे होती.

मागून दादा आले. दोराशिवाय. तेवढ्या अरुंद वाटेवर माझ्याशेजारी उभे राहिले आणि माझं मनगट धरलं. घट्ट. सिस्टर येईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. त्यांची नजर कातळावरच्या एका गवताच्या काडीवर होती. ती ते तिथून हलवत नव्हते.

"दादा, सोडू नका," मी म्हणालो.

"तुमी पन सोडू नका, सर," दादा म्हणाले. "मला उंचावरून चक्कर येते. लहानपनापासून."

"काय? अहो, दहा वर्षं तुम्ही आमच्याबरोबर..."

"कुनी इचारलाच नाय."