पाख्यासारखी तिरकी दोरी

ये गं बाय, अशी जवळ सरक. कागदावरून बोलते म्हणून काय लांबच बसायचं? पोटुशी आहेस, सातवा लागला, तरी माहेरची वाट आठवत नाही तुला. तुझं सासर कशेळं काही परमुलखात नाही. बरं, रागवत नाही. तू माझ्या पोटात होतीस तेव्हाचं एक सांगायचं राहिलंय, ते तुला आता कळायला हवं.

साजगावाखालचा डोह तू लांबूनच पाहिलास. मी जवळ जाऊच दिलं नाही. माझी सासू, म्हणजे तुझी आजी, त्या डोहात डोण वल्हवायची आणि मी मागे बसून गळाची दोरी धरायची. गळाला जिवंत मासळी, वर दगडाचं वजन. डोण पुढे चालली की आमिष मागून पाण्यातून ओढत यायचं. पण डोहाचा तळ साती आसरांचा. कुणाचं लग्न झालं, पोर झालं, की बायका खणात धोंडा बांधून त्यांची ओटी पाण्यात सोडायच्या. म्हणून गळ तळाला टेकता कामा नये. त्यातून दोरी धरणारी पोटुशी असली तर नाहीच नाही. आसरा पोटातलं मागून घेतात म्हणायचे.

मग आमिष किती खोल चाललंय ते कळायचं कसं? सासू म्हणायची, "पाण्यात नको बघू, दोरीकडं बघ. आपल्या घराच्या छपराच्या पाख्यावानी तिरकी हाय, तर सोडलेल्या दोरीच्या निम्मं खोल. शिडीवानी उभी झाली, तर जवळजवळ सगळी. डोण हळू झाली की आमिष खाली जातंय, जोरात नेली की वर येतंय. आणि डोळा सांगंल त्याच्यापरीस हातभर खोलच धर. पाण्याखाली दोरी वाकते."

"आणि आत्याबाय, चुकलं तर?"

"तर तूच बुडी मार नि माफी मागून ये."

त्या सुमारास खोपोलीला वीज करायला डोंगरातून नळांनी पाणी खाली सोडायला लागले होते. ऐन वैशाखात नदी गार. माझी पाळी चुकली होती, पण खात्री नव्हती म्हणून कुणाला बोलले नव्हते.

एका दुपारी डोहाच्या मध्यावर सासूनं वल्हं थांबवलं. डोण उभी राहिली. आता दोरी शिडीसारखी उभी व्हायची, म्हणून मी ती आत घ्यायला हात पुढे केला. दोरी तिरकीच. पाख्यासारखी. आणि तीही नदीच्या वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे. हिसका नाही, ओढ नाही. पलीकडचं टोक कुणी नुसतं धरून बसावं तशी.

"किती खोल?" सासूनं हळूच विचारलं.

"निम्म्यावर. तळ लांब हाय अजून."

"आपण थांबलोय ना गं?"

"थांबलोय."

तेवढ्यात दोरी सैल पडली. मी भराभर ओढून घेतली. मासळी जिवंत होती, आणि गळाला हिरवा खण अडकला होता. ओटीचाच. गाठ जशीच्या तशी. आत धोंडा नव्हता.

"टेकलं होतं तळाला?"

"नाय ओ."

तिनं ओली दोरी हातानं मापली. हातभर जास्त धरून पाहिलं, आणखी हातभर धरून पाहिलं. तरी तळ खालीच राहत होता. मग माझ्या तोंडाकडे बघत बसली.

"दिवस गेलेत का तुला?"

मी मान डोलावली. तिनं खण पिळला नि माझ्या पदरात टाकला. "आसरांनी ही ओटी आपल्याला दिली म्हणायची, का कुणाची तरी नाकारली, मला नाय कळत. घरात ठेव." त्यानंतर ती डोण पाण्यात गेली नाही. पावसात कुजली तशीच.

तू सुखरूप झालीस. पण तुझे हात वैशाखातही गार का असतात, हे तुझ्या नवऱ्यानंही मला विचारलंय. लोक म्हणतात, नळांच्या पाण्यानं तळाशी उलटी ओढ लागली असेल. असेल. मग उन्हात घातला तरी त्या खणाची गाठ अजून ओली का लागते?

खण माझ्या पेटीत आहे. तुझ्या बाळासाठी ठेवायचा की डोहाला परत द्यायचा, हे मला एकटीला ठरवता येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, तेव्हा ये. डोहाकडची वाट सोड, वरच्या वाटेनं ये. पण आठवा लागायच्या आत ये गं.