यंदा नवीन काय?

आमची वहिनी पोरांचं केंद्र चालवते. शाळा सुटल्यावर ज्यांना घरी जावंसं वाटत नाही, किंवा घरी जाऊन उपयोग नसतो, अशा पोरापोरींचं. गोदामामागची लांबट खोली, डुगडुगणारं टेबल टेनिसचं टेबल, अभ्यासाचे बाक आणि वहिनीचा आवाज, एवढंच तिथलं सामान. मी पाट्या रंगवतो, त्यामुळे केंद्राची पाटी माझ्याच गळ्यात पडली.

तीही दरवर्षी. कारण सरकारी अनुदान फक्त ‘नवीन उपक्रमा’ला. चांगल्या चाललेल्या कामाला फुटकी कवडी नाही. म्हणून वहिनी तेच केंद्र नव्या नावानं मांडते. ‘भरारी’ झालं, ‘पाऊलवाट’ झालं, ‘नवं अंगण’ झालं. मी जुनं नाव खरवडायचं, नवं लिहायचं, आणि मंजुरी येईपर्यंत भाड्याला पैसे नाहीत म्हणून दाराला कुलूप. माझं तर डोकं फिरतं. पाण्याच्या टाकीला कुणी विचारतं का, यंदा नवीन काय म्हणून?

मागच्या वेळी कुलूप होतं तेव्हा एक पोरगी बिस्किटांच्या कारखान्यात लागली. दार उघडल्यावर वहिनी तिला आणायला गेली, तर म्हणाली, “ताई, आता सवय झाली.”

यंदा काळजी होती वकीलबाईची. प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. सोळा वर्षांची, शाळा सोडून बसलेली, भाऊ कामाला लावायला टपलेला. वहिनीनं हात धुऊन मागे लागून तिला बाहेरून दहावीच्या परीक्षेला तयार केलं. घरी एका खोलीत सगळी माणसं, तेव्हा अभ्यासाला जागा म्हणजे केंद्रच. आणि परीक्षा नेमकी कुलपाच्या दिवसांत.

वहिनी मला घेऊन कार्यालयात गेली. साहेब तरुण, बोलायला गोड. फाइल चाळून म्हणाले, “बाई, काम छान आहे. पण संस्था नवीन, अनुभव शून्य. कसं देणार अनुदान?”

मला संतापानं हसूच फुटलं.

“अनुभव तुम्हीच दरवर्षी पुसायला लावता,” वहिनी म्हणाली. “पुसणारे हे बघा, आमचे भावजी.”

“नियम आहे हो. चार महिने थांबा, पुढच्या फेरीत या.”

“मी थांबते की. पण माझ्याकडे एक सोळा वर्षांची पोरगी आहे. तिला सांगा, चार महिने सोळाचीच राहा. तिच्या भावाला सांगा, इतक्यात कामाला लावू नकोस. परीक्षेलाही सांगा थांबायला. एवढं जमवा, मग मी वर्षभर थांबते.”

साहेबांनी फाइल मिटली आणि शिपायाला पुढच्या माणसाला आत पाठवायला सांगितलं.

कुलूप लागलं. परीक्षेच्या सकाळी वकीलबाई कारखान्याच्या बसमध्ये चढताना दिसली. मी मान फिरवली, पण तिनं मला पाहिलं होतं. वाद नाही, काही नाही.

“काका,” ती म्हणाली, “केंद्र उघडलं की सांगाल ना?”