आमच्यात श्रावण कडक पाळतात

आमचे हे गटारीला पडले. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी मित्रांबरोबर वरसाव्याच्या ढाब्यावर मनसोक्त बसले आणि येताना बाईक घसरली. दुसरं कोणी खाली आलं नाही, एवढंच नशीब. पाय मोडला, आत रॉड घातला. डबा घेऊन वॉर्डात शिरले तेव्हा मला रडू आलंच नाही, नुसता संताप येत होता.

हे शाळेची व्हॅन चालवतात. बेव्हर्ली पार्कातली मुलं सकाळी न्यायची, दुपारी घरी सोडायची. आता पाय बरा होईपर्यंत दुसरा ड्रायव्हर बघणं आलं.

ऑपरेशननंतर एक मुलगी स्टूल ओढून यांच्या पलंगाशी बसली. समुपदेशक म्हणे. अपघाताचा पेशंट आला की त्याच्याशी दारूबद्दल थोडं बोलायचं, हे तिचं काम. वय बघावं तर आमच्या भाचीएवढं. म्हटलं, आली आता शहाणपण शिकवायला.

"काका, किती घेता?"

"मॅडम, मी काही बेवडा नाही. श्रावणात थेंबाला शिवत नाही."

मीही लगेच री ओढली, "आमच्यात श्रावण कडक पाळतात." माहेरी, शेजारीपाजारी मी हे मिरवतच आलेय. महिनाभर सोडतो ना, मग माणूस हाताबाहेर गेलेला नाही, असंच आमच्याकडे सगळे धरून चालतात.

पोरीने वाद घातला नाही. "म्हणजे ठरवलं की जमतं तुम्हाला," ती म्हणाली. "बाकीच्या महिन्यांत काय होतं?"

हे छताकडे बघायला लागले. मग हळूहळू बोलले. रोज रात्री जेवणाआधी. कधी जेवणानंतरही. तिने विचारलं, कमी करावी असं दहापैकी किती वाटतं? हे म्हणाले, तीन. मला वाटलं आता ती झापणार. तर म्हणते, "शून्य का नाही म्हणालात?"

"गाडीत मुलं असतात," हे म्हणाले.

मग तिने सांगितलं की रात्री जास्त झाली तर सकाळपर्यंत ती अंगातून उतरलेली असतेच असं नाही. आंघोळ केली, चहा प्यायला, तरी नाही. सकाळी यांच्या तोंडाला वास आला की मी बडीशेप पुढे करायचे. शेवटी यांनीच ठरवलं, दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर रात्री घ्यायची नाही. ती गेल्यावर मला म्हणाले, "तू लक्ष ठेव." म्हणजे हेही माझ्याच डोक्यावर.

श्रावण गेला, गणपती गेले. पाय दुखतोय म्हणून शनिवारी थोडी सुरू झाली. रविवारी शाळा नसते, म्हणजे ठरल्याप्रमाणेच होतं. दिवाळीची सुट्टी संपली आणि हे पुन्हा व्हॅनवर बसले. मी रोज दारात उभी राहून वास घेऊन किल्ली द्यायचे. यांना अपमान वाटायचा. वाटू दे.

मग एका रविवारी मुर्ध्याला मित्राच्या मुलाची हळद होती. सोमवारी सकाळी दारात वास आला. मी किल्ली ब्लाऊजमध्ये खोचली.

"दे, उशीर होतोय."

"नाही देत."

ओरडले नाहीत. तिथेच खुर्चीत बसले आणि मुलांच्या घरी फोन लावायला लागले. गाडी बंद पडलीय, आजचा दिवस तुम्हीच सोडा. एकाला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं. तिसरा फोन लागला. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच सांग."

पलीकडे सर्वांत लहान मुलीची आई होती. मलाही गाडी बंद आहे म्हणता आलं असतं. माझ्याने नाही झालं. म्हटलं, "काल रात्री यांनी घेतलीय. म्हणून आज मीच गाडी काढू दिली नाही."

ती बाई चिडली नाही. तिने विचारलं, "काकू, हे आजचंच आहे, की आधीपासून?"